बियाणं राखणारं गाव

प्रस्तावना

नवाश्मयुगात माणसाने शेतीचा शोध लावला, असं आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या वाक्याने डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं. कुणाच्या तरी हातून दाणा मातीत पडला, तो उगवला आणि त्या दिवसापासून जग बदललं. मला हे चित्र कधीच पटलेलं नाही. रानगवतांचं बी पिढ्यान् पिढ्या गोळा करणाऱ्या, कंद उकरून खाणाऱ्या माणसांना दाणा कसा उगवतो हे कळत नव्हतं, असं मानणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. खरं अवघड होतं ते पुढचं. पेरणी तोंडावर आली आहे, खायचं धान्य सरलं आहे, पोरं भुकेली आहेत आणि तरीही कोपऱ्यात ठेवलेल्या बियाण्याला हात लावायचा नाही. शिवाय आपण राखलेलं बियाणं शेजारचा उचलून नेणार नाही, एवढा भरवसा गावात असायला हवा. ज्यांना हे वर्षानुवर्षं जमलं ते शेतकरी झाले.

या पुस्तकात अशाच माणसांच्या एका गावाची हकिगत आहे. पुरातत्त्वज्ञ त्याला मेहरगढ म्हणतात. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात, क्वेट्ट्याकडून उतरणारी बोलन खिंड जिथे संपते आणि सिंधूच्या दिशेने सपाट मैदान पसरत जातं, तिथे हे गाव होतं. मैदानाचं नाव कच्छी. गुजरातच्या कच्छशी त्याचा संबंध नाही. सिबी आणि जेकबाबादच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो आणि पाऊस नावापुरता पडतो. पण डोंगरात पडलेलं पाणी बोलन नदीतून गाळासकट खाली येतं, मैदानावर पसरतं आणि ओल मागे ठेवून जातं. त्या ओलीवर रब्बीचं पीक येतं. हिवाळाही सोसण्यासारखा असतो, म्हणून डोंगरातले ब्राहुई पशुपालक थंडीत कळप घेऊन बोलनच्या वाटेने या मैदानात उतरत आले आहेत. माणसाने मुक्काम करावा असं इथे काय आहे, हे नुसत्या नकाशावरून कळत नाही. पाणी, गाळ आणि डोंगर-मैदानातली येजा एकत्र पाहिली की कळतं.

गाव सापडलं ते नदीमुळे. बोलनने पात्र बदलताना जुन्या वस्तीचा काठ उभा कापून काढला आणि कित्येक मीटर जाडीचे थर उघडे पडले. १९७४ मध्ये ज्याँ-फ्रान्स्वा जारिज आणि कातरीन जारिज यांच्या फ्रेंच पथकाने पाकिस्तानच्या पुरातत्त्व खात्याबरोबर इथे काम सुरू केलं. ते १९८६ पर्यंत चाललं आणि नंतर पुन्हा १९९७ ते २००० या काळात. वस्ती शतकानुशतकं सरकत गेल्यामुळे तिचे अवशेष सुमारे अडीचशे हेक्टरांवर विखुरलेले आहेत. एका वेळी एवढं मोठं गाव कधीच नव्हतं. या पुस्तकाचा विषय त्यातला सर्वांत जुना भाग आहे. तिथल्या सुरुवातीच्या लोकांकडे मातीची भाजलेली भांडी नव्हती, पण घरं होती, पिकं होती, बकऱ्या होत्या आणि मेलेल्या माणसाला निरोप देण्याची ठरलेली रीत होती.

जेरिको किंवा चाताल ह्युयुक ही पश्चिम आशियातली नवाश्मयुगीन ठिकाणं सोडून मेहरगढ का निवडलं, असं वाचक विचारतील. ती दोन्ही ठिकाणं जगभर गाजलेली आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मेहरगढ मात्र आपल्या उपखंडातलं आहे, आपल्या ताटातल्या आणि गोठ्यातल्या कित्येक गोष्टींचा माग तिथपर्यंत जातो, आणि मराठीत त्याची ओळख हडप्पा संस्कृतीच्या आधीचं एक पायरीवजा ठिकाण म्हणून दोन-चार ओळींत उरकली जाते. मला हे खटकतं. ज्या माणसांनी तिथे शेतं राखली त्यांना आपल्यानंतर हजारो वर्षांनी मोहेंजोदडो उभं राहणार आहे याची कल्पना नव्हती. त्यांचं जगणं कशाचीही तयारी नव्हतं. त्याच्याकडे त्याच्यापुरतं, स्वतंत्रपणे पाहायला हवं.

सुरुवात विटेपासून करू या. मेहरगढची घरं कच्च्या विटांची. विटा लांबट, हाताने घडवलेल्या आणि वरच्या अंगाला बोटांनी दाबून केलेल्या खळग्यांच्या. वरच्या थराचा चिखल त्या खळग्यांत बसावा आणि भिंत घट्ट व्हावी, हा त्यामागचा हेतू. ज्याने वीट घातली त्याच्या बोटांचे ठसे आजही जसेच्या तसे दिसतात. पण त्या विटेत आणखी एक गोष्ट अडकून राहिली होती. चिखल चिरू नये म्हणून त्यात भुसकट आणि काड मिसळत, आणि त्याबरोबर दाणे, कणसांचे तुकडे, तुसंही जात. ती पुढे कुजून गेली, पण त्यांचे साचे मातीत राहिले. इटालियन वनस्पतिपुरातत्त्वज्ञ लोरेन्झो कोस्तांतिनी यांनी विटांमधले असे हजारो ठसे तपासले. त्यातून निघालेलं उत्तर स्पष्ट होतं: गाव सातूवर जगत होतं. नोंदवलेल्या धान्यात बहुतांश वाटा सातूचा, त्यातही ज्याचं साल मळणीत सहज सुटतं अशा सहा-ओळी सातूचा. गहू होता, पण थोडा. त्या गव्हात आपला खपली होता. सांगली-साताऱ्याकडे आजही होणाऱ्या, कांडल्याशिवाय साल न सोडणाऱ्या या गव्हाच्या दाण्यांचे ठसे त्या गावाच्या विटांत सापडतात. त्याखेरीज बोरं आणि खजूरही ही माणसं खात होती.

विटेतल्या कणसांचे तुकडे दाण्यांपेक्षाही मोलाचे आहेत. रानटी सातूचं कणीस पिकलं की सांध्यांशी तडकतं आणि दाणे आपोआप गळतात. रोपाला आपला वंश पसरवायचा असतो, त्याच्या दृष्टीने तेच योग्य. पण हजारो रोपांमध्ये एखाद्याचं कणीस पिकूनही तडकत नाही. विळ्याने कापणी केली की गळणारे दाणे रानातच राहतात आणि न गळणारी कणसं जास्त प्रमाणात घरी येतात. त्यातलंच बियाणं राखून पुढच्या वर्षी पेरलं, त्यातून पुन्हा कापलं, पुन्हा राखलं. असं होता होता माणसाने हात लावल्याखेरीज पसरूच शकत नाही असं पीक तयार झालं. या बदलाला शेकडो, कित्येक ठिकाणी हजाराहून जास्त वर्षं लागली, असं आता वनस्पतिपुरातत्त्वात मानलं जातं. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ मध्ये 'नवाश्मयुगीन क्रांती' ही कल्पना मांडली आणि ती फार गाजली. बदल मोठा होता याबद्दल वाद नाही. पण तो घडताना कुणालाही तो दिसला नसेल. दरवर्षी चांगली कणसं बाजूला काढून ठेवणाऱ्या घरातल्या कुणा वडीलधाऱ्या बाईला आपण एक वनस्पती घडवतो आहोत हे कळायचं कारण नव्हतं.

विळे कसे होते हेही ठाऊक आहे. गारगोटीसारख्या चकमकीच्या दगडाची छोटी पाती काढून ती लाकडी दांड्यात नैसर्गिक डांबराने तिरकी बसवत. पिकाच्या काड्यांमधली वाळूसारखी सिलिका घासून अशा पात्यांच्या धारेवर एक विशिष्ट चकाकी येते. तिच्यावरूनच हे पातं कापणीचं होतं हे ओळखता येतं. एखादं पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं, दांडा तोच.

आता ज्या वास्तूंनी मला या विषयाकडे ओढलं त्यांच्याविषयी. मेहरगढच्या राहत्या घरांच्या खोल्या लहान असल्या तरी त्यांत चूल आहे, दळण्या-वाटण्याचे दगड आहेत, हाडाच्या सुया-टोचे आहेत, जमिनीवर अंथरलेल्या बोरूच्या चटयांचे ठसे आहेत. पण काही वास्तू वेगळ्याच आहेत. अरुंद, सारख्या मापाचे कप्पे ओळीने मांडलेले, कित्येकांना दारच नाही, आणि माणूस आडवा होऊ शकणार नाही इतकी जागा. उत्खनन करणाऱ्यांनी त्यांना कोठारं मानलं. सुरुवातीच्या थरांपासून त्यांची सुरुवात दिसते आणि पुढे, भांडी वापरात आल्यानंतरच्या काळात, ती मोठी आणि रेखीव होत जातात. आपल्याकडे ज्याने कणगी, पेव किंवा भिंतीतलं बळद पाहिलं आहे त्याला या कप्प्यांचा उपयोग समजावून सांगावा लागणार नाही. जमिनीची ओल, उंदीर, कीड या सगळ्यांपासून धान्य वाचवणं हेच शेतीतलं अर्धं काम होतं आणि आहे.

पण कोठार म्हटलं की प्रश्नही येतात. ते कुणाच्या मालकीचं? एका घराचं, भावकीचं की सगळ्या गावाचं? त्यातून किती काढायचं हे कोण ठरवतं? माझ्या मते गावाचं राजकारण, मान, भांडणं आणि तडजोडी यांचा उगम शेतापेक्षा या कप्प्यांत शोधायला हवा. म्हणूनच पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण कोठारांवर आहे.

राखून ठेवण्याची हीच शिस्त जनावरांच्या बाबतीतही दिसते. इराणच्या झाग्रोस डोंगरातल्या गंज दारेह इथे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बकऱ्यांच्या हाडांचा अभ्यास झाला आहे. तिथे बोकड लहानपणीच कापले गेलेले आणि माद्या मोठ्या होऊन पिलं देईपर्यंत जगवलेल्या दिसतात. शिकारी मोठा बोकड मारतो, कारण मांस जास्त मिळतं. पाळणारा माणूस मादी राखतो. मेहरगढमध्ये पहिल्या थरापासूनच पाळीव बकऱ्या आहेत. त्याबरोबर शिकारही जोरात होती. चिंकारा, बाराशिंगा, नीलगाय, रानडुक्कर, रानगाढव अशा कितीतरी प्राण्यांची हाडं खालच्या थरांत मिळतात, म्हणजे आजच्या उजाड मैदानात तेव्हा नदीकाठी दाट झाडी आणि गवताळ पट्टे होते. वरच्या थरांकडे यावं तसतशी शिकारीची हाडं कमी होत जातात आणि गुरांची वाढत जातात. भांडी नसलेल्या काळाच्या अखेरीस गुरं निम्म्याहून पुढे गेलेली आहेत.

ही गुरं वशिंडाची. प्राणिपुरातत्त्वज्ञ रिचर्ड मेडो यांनी त्यांची हाडं मोजून दाखवलं की पिढ्यांगणिक त्यांचा आकार घटत गेला. रानातला दांडगा बैल माणसाच्या ताब्यात आला की त्याच्या वंशात हा बदल दिसतो. म्हणजे गुरं बाहेरून पाळीव होऊन आली नव्हती. ती इथल्याच रानातून धरली, बांधली, वाढवली गेली. वशिंडाच्या गुरांची वंशरेषा पश्चिम आशियातल्या बिनवशिंडी गुरांपासून वेगळी आहे आणि तिचं मूळ सिंधूच्या परिसरात आहे, हे पुढे जनुकीय अभ्यासानेही दाखवलं. आपली खिल्लारी, डांगी, देवणी ही सगळी याच वंशातली. बेंदराला किंवा पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग लावतो त्या बैलाचा पूर्वज कच्छीच्या गवतात चरत होता, हे वाचून मला जे वाटलं ते वाचकालाही वाटावं, अशी इच्छा आहे.

भांड्याशिवाय स्वयंपाक कसा होत असेल? वस्तीत जागोजागी खड्डे आहेत आणि त्यांत जळून तडकलेले दगड खच्चून भरलेले आहेत. दगड तापवायचे आणि त्यांवर, त्यांच्यामध्ये मांस नाहीतर धान्य भाजायचं. टोपल्या विणून आतून डांबराने लिंपलेल्या होत्या, त्यांत पाणी राहत असे. भाजलेला सातू पाट्यावर भरडला की त्याचं पीठ पाण्यात कालवून खाता येतं. त्यासाठी भांडं चुलीवर चढवायची गरज नाही. भांडी आली ती पुढच्या थरात, भुसकट मिसळलेल्या मातीची, जाडीभरडी. कुंभाराची कला ही शेतीची जुळी बहीण असल्यासारखं आपण समजतो. मेहरगढच्या लोकांनी तिच्याविना कित्येक पिढ्या संसार केला.

गावाला बाहेरच्या जगाशी देणंघेणं नव्हतं असंही नाही. कबरींमध्ये सापडलेले निळे लाजवर्दचे मणी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातल्या दगडाचे आहेत. शंख-शिंपल्यांचे मणी अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरून आलेले, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरांवरून. फिरोजाही आहे. हे सगळं हातोहात, गावोगाव, बहुधा कळपांबरोबर चालणाऱ्या माणसांकडून आलं असणार. चाकाची गाडी तेव्हा कुठेच नव्हती.

कबरींकडे मी मुद्दाम सावकाश येतो आहे. मेहरगढची माणसं आपले मृत वस्तीतच पुरत, घरांच्या मधल्या मोकळ्या जागांत. एक वस्ती ओस पडावी, त्या जागी दफनं व्हावीत, पुन्हा त्यावर घरं उभी राहावीत, असा क्रम थरांमध्ये दिसतो. मृताला कुशीवर, गुडघे दुमडून ठेवत. अंगावर गेरू असे. खड्ड्याच्या एका बाजूला कच्च्या विटांची बुटकी भिंत घालून देह तिच्याआड बंद करत, म्हणजे मेलेल्यालाही एक खोली मिळत असे. सोबत डांबराने लिंपलेली टोपली, दगडी कुऱ्हाड, मण्यांच्या माळा. आणि काही कबरींत मृताच्या दुमडलेल्या पायांशी करडं ठेवलेली आहेत. एका माणसाबरोबर पाचपर्यंत.

पाच करडं देणं म्हणजे काय, हे ज्याने शेळ्या पाळल्या आहेत त्याला कळेल. ती पुढच्या वर्षीची दूधदुभती जनावरं होती, उद्याचा कळप होता. जो समाज दाण्याला दाणा जोडून बियाणं राखतो, भुकेतही त्याला हात लावत नाही, तोच समाज मेलेल्या माणसासाठी हातचं राखलेलं देऊन टाकतो. परलोकाबद्दल त्यांची काय कल्पना होती यावर मी तर्क लढवत बसलेलो नाही. पण या माणसांचं आयुष्य फक्त पोट भरण्यात जात होतं आणि मन, माया, आदर या गोष्टी पुढच्या 'संस्कृती'बरोबर आल्या, असं म्हणणाऱ्यांनी ही कबर पाहावी. कच्च्या मातीच्या, बसलेल्या स्त्रियांच्या लहान मूर्तीही या थरांत मिळतात. त्यांना मातृदेवता म्हणायची घाई मी केलेली नाही. पुरावा तेवढं सांगत नाही.

याच दफनभूमीत वैद्यकाच्या इतिहासातला एक थक्क करणारा पुरावा मिळाला. सुमारे ३०० माणसांच्या सांगाड्यांपैकी नऊ प्रौढांच्या अकरा दाढांना कोरून भोकं पाडलेली होती. २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं. भोकांचा व्यास १.३ ते ३.२ मिलिमीटर, खोली साडेतीन मिलिमीटरपर्यंत. सगळी दाढांवर, म्हणजे शोभेसाठी असण्याचा प्रश्नच नाही. तोंडात इतक्या मागे कुणाला काय दिसणार? भोकांच्या कडा पुढे चावून चावून गुळगुळीत झालेल्या आहेत, याचा अर्थ ती माणसं त्यानंतर जगली, जेवली. चारांच्या बाबतीत दात किडल्याच्या खुणाही आहेत. संशोधकांनी चकमकीचं टोक बसवलेला कामठ्याचा सामता तयार करून दातावर चालवून पाहिला, तेव्हा असं भोक मिनिटाच्या आत पडलं.

हे कौशल्य आलं कुठून? बहुधा मण्यांमधून. लाजवर्दसारख्या दगडाला बारीक, सरळ भोक पाडणारे कारागीर गावात होते. त्यांचीच हत्यारं आणि त्यांचाच हात शेजाऱ्याच्या ठणकणाऱ्या दाढेकडे वळला असावा. त्या क्षणी दाढ धरून बसलेल्या माणसाने कारागिरावर किती विश्वास टाकला असेल! विशेष म्हणजे पुढे ही कला टिकली नाही. मेहरगढच्याच नंतरच्या दफनभूमीत दात किडलेले आहेत, पण कोरलेला एकही नाही. ज्ञान एकदा मिळालं की ते कायमचं राहतं, अशी आपली समजूत असते. बियाण्यासारखं ज्ञानही दर पिढीला राखावं लागतं. एका पिढीत हात शिकला नाही की ते गेलं.

दातांनी आणखी बरंच सांगितलं आहे. दगडी पाट्यावरच्या पिठातली कच दात झिजवते. पाण्यातल्या फ्लोराइडने त्यांवर डाग पडतात. तेही मेहरगढच्या दातांवर ओळखले गेले आहेत. शेतीने माणसाचं आरोग्य बिघडवलं, ती मानवजातीची घोडचूक होती, असं मत अलीकडे लोकप्रिय झालं आहे. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. धान्यावर भर दिला की दात किडतात, वस्ती दाट झाली की रोग पसरतात, हे हाडं सांगतात. पण जो हिशेब फक्त उंची आणि दातांवर मांडला जातो तो अपुरा आहे. म्हातारा, पांगळा, बाळंतीण यांना रोज मैलोन्मैल चालायला लावायचं नसेल तर घर लागतं आणि घर टिकवायला कोठार लागतं. या बाजूचं माप हाडांत उमटत नाही, म्हणून ते शून्य ठरत नाही.

हाडं-दातांखेरीज कबरींनी आणखीही काही राखलं होतं. मेहरगढच्या एका कबरीत तांब्याचे मणी मिळाले, आणि त्यांतल्या एका मण्यात तो ओवलेला दोरा गंजाच्या क्षारांनी शिळा होऊन टिकला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो कापसाचा निघाला. कापसाच्या वापराचा हा जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक. तांबं सडू देत नाही, म्हणून जिथे बाकी सगळं कापड मातीत मिळालं तिथे एवढा एक तंतू वाचला. असाच योग आपल्या महाराष्ट्रात, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे इथे आला: एका लहान मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांमध्ये दोऱ्याचे अवशेष मिळाले. ते गाव मेहरगढनंतर कितीतरी हजार वर्षांनी वसलेलं, तरी धाग्याची गोष्ट दोन्हीकडे एकाच धातूने सांगितली.

काळाबद्दल वाचकाला आधीच सावध करायला हवं. मेहरगढची सुरुवात इसवी सनापूर्वी सुमारे ७००० वर्षं, असं बहुतेक पुस्तकांत वाचायला मिळतं. ती तारीख कोळशाच्या मोजक्या नमुन्यांवर बेतलेली होती आणि नमुने एकमेकांशी जुळत नव्हते. २०२५ मध्ये दफनांमधल्या माणसांच्या दातांच्या इनॅमलवर केलेली रेडिओकार्बन मोजणी प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने भांडी नसलेल्या काळातली दफनं इसवी सनापूर्वी ५२०० ते ४९०० च्या दरम्यान सुरू होतात आणि हा काळ काही शतकांचाच ठरतो. हा मोठा फरक आहे. दात थेट त्या माणसांचे आहेत, म्हणून मला ही मोजणी अधिक भरवशाची वाटते आणि पुस्तकात मी तीच धरून चाललो आहे. गाव त्यामुळे कमी प्राचीन ठरलं तर ठरो. त्यातली माणसं, त्यांची कोठारं आणि त्यांची करडं यांचं मोल वर्षांच्या आकड्यावर अवलंबून नाही. दातांवरचं २००६ चं संशोधन वाचताना मात्र तिथले ७५०० ते ९००० वर्षं हे आकडे जुन्या कालगणनेतले आहेत हे लक्षात ठेवावं.

ही माणसं होती कोण, यावर तर भांडणंच होतात. सातू, गहू आणि बकरी यांचं पाळीव रूप पश्चिमेकडे आधी दिसतं. वशिंडाची गुरं आणि कापूस इकडचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालेल्या, हडप्पा संस्कृतीतल्या राखीगढीच्या एका स्त्रीच्या डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे इराणी लोकांशी नातं सांगणारे पूर्वज तिथे शेती सुरू होण्याच्याही आधी वेगळे झालेले होते, असं त्यात दिसलं. म्हणजे इराणातून शेतकऱ्यांचे लोंढे आले आणि त्यांनी इथे शेती आणली, हे साधं उत्तर टिकत नाही. बियाणं आणि करडं हातोहात आली, इथल्या लोकांनी ती आपलीशी केली आणि आपल्याकडची भर त्यात घातली, असं माझं मत आहे. हा वाद आजच्या अस्मितांशी जोडून लढवला जातो याचं मला दुःख होतं. त्या गावाला आपले झेंडे ठाऊक नव्हते.

उत्खनन थांबल्यानंतर या जागेचे हाल झाले. चोरटं खणकाम झालं, स्थानिक टोळ्यांच्या वैरात नासधूस झाली. बलुचिस्तानच्या टेकाडांमधून चोरलेल्या भांड्या-मूर्तींना परदेशात गिऱ्हाईक असतं. फ्रान्समध्ये जप्त झालेल्या अशा चारशेहून अधिक वस्तू २०१९ मध्ये पाकिस्तानला परत केल्या गेल्या. पण थरातून उपटलेली मूर्ती परत आली तरी तिची हकिगत परत येत नाही. ती कोणत्या घरात होती, कुणाच्या कबरीत, कोणत्या कप्प्याशेजारी, हे गेलं ते गेलंच.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या पथकाने तिथे केलेलं उत्खनन आपल्याकडच्या ग्रामजीवनाच्या अभ्यासातला मानदंड आहे. ते गाव ताम्रपाषाणयुगातलं, इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० च्या सुमाराचं. मेहरगढच्या नवाश्मयुगाशी त्याची थेट साखळी जोडता येत नाही आणि मी ती जोडलेली नाही. पण तिथेही मुख्य पीक सातूचंच होतं. तिथेही कोठार होतं, आणि ते पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारी होतं. पाण्यासाठी पाट खणलेला होता. तान्ही मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरलेली होती. शेतकरी गावांना कोणते प्रश्न पडतात आणि ती ते कसे सोडवतात, हे समजून घ्यायला ही दोन गावं एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, म्हणून शेवटचं प्रकरण इनामगावचं आहे.

पुस्तक क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. शेतीत रस असलेल्यांनी विटांचं आणि कोठारांचं प्रकरण आधी वाचावं. ज्यांना माणसांची ओढ आहे त्यांनी थेट कबरींकडे जावं.

आणि एक विनंती आहे. महाराष्ट्रात गोदावरी, प्रवरा, भीमा, तापी यांच्या काठच्या गावांत जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. लोक त्यांना पांढर म्हणतात. तिथली पांढरी माती घराला लिंपायला, शेतात टाकायला पिढ्यान् पिढ्या नेली जाते, आणि आता जेसीबीने एका दिवसात अख्खं टेकाड उचललं जातं. त्या मातीत खापरं, राख, हाडं, मणी दिसले तर काम तिथेच थांबवा, वस्तू घरी नेऊ नका, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. थर जागेवर असेल तरच अभ्यासक त्यातून गाव वाचू शकतात.